पन्नास फ्रेमचा मारिओ

छत्रपती संभाजीनगरजवळ जालना रस्त्यावरच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ साली स्कोडाच्या ऑक्टाव्हिया मोटारी जुळू लागल्या. सुटे भाग बाहेरून यायचे आणि गाडी इथे उभी राहायची. २००५ मध्ये तिची पुढची पिढी आली, पण जुनी ऑक्टाव्हिया अजून विकली जात होती, म्हणून नव्या गाडीला भारतापुरतं ‘लॉरा’ हे नाव दिलं गेलं. २०१३ मध्ये तिसऱ्या पिढीबरोबर ऑक्टाव्हिया हे नाव परत आलं. नाव जुनं, गाडी पूर्णपणे नवी. जुन्या गाडीचा क्लच पायाला जसा लागायचा तसाच नव्या गाडीचा लागावा, असा आग्रह मोटारीच्या बाबतीत कोणी धरत नाही. जुना व्हिडिओ गेम नव्या यंत्रासाठी पुन्हा बाजारात येतो तेव्हा मात्र खेळणारे नेमका हाच आग्रह धरतात. चित्रं सुंदर झाली, रंग उजळले, आवाज स्वच्छ झाला, तरी ‘उडी बरोबर लागत नाही’ ही तक्रार उरते. ती हट्टातून येते असं समजून बाजूला सारली जाते. माझ्या मते ती या खेळांच्या इतिहासातली सर्वांत अचूक तक्रार आहे. उड्या मारत पुढे जाण्याचा खेळ म्हणजे कॅसेटमधला मजकूर नव्हे. अंगठा, जॉयस्टिकची वायर, आतली पाटी आणि टीव्हीची काच या चौघांनी मिळून पाळलेली वेळ म्हणजे तो खेळ. पुनःप्रकाशनात यातला मजकूर तेवढा उचलला जातो आणि वेळ मागे राहते. बहुतेक दोष तिथेच जन्मतात. हे पटवून द्यायला जपान-अमेरिकेची उदाहरणं लागतीलच, पण पहिला पुरावा याच जिल्ह्यातला आहे.

शेंद्र्याहून शहर ओलांडून पैठण रस्त्याला लागलं की चितेगाव येतं. धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना तिथला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने जपानच्या तोशिबाचं तंत्र घेऊन रंगीत टीव्ही बनवायला सुरुवात केली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रातल्या असंख्य बैठकीच्या खोल्यांत तो जाऊन बसला. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना सुरू होता, चिकलठाण्यात त्याआधीपासून छोटे-मोठे उद्योग होते. पगारदार कुटुंबांची एक नवी पिढी या भागात उभी राहत होती आणि हप्त्यावर घेतलेला रंगीत टीव्ही हे तिचं पहिलं मोठं घरगुती यंत्र होतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत प्रक्षेपण आलं. भारताने स्वीकारलेली पद्धत होती पाल. तिच्यात पडद्यावर ६२५ रेषा असतात आणि चित्र सेकंदाला पन्नास वेळा वरून खाली आखलं जातं. आपल्या विजेचा प्रवाहही पन्नास चक्रांचाच. जपान आणि अमेरिकेच्या टीव्हीची पद्धत वेगळी होती. तिथे चित्र सेकंदाला साठ वेळा आखलं जाई. बातम्या किंवा मालिका बघणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. तो जाणवतो टीव्हीच्या आखणीला घड्याळ मानून चालणाऱ्या यंत्राला.

निन्टेंडोचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला जपानात आला, सुपर मारिओ ब्रदर्स १३ सप्टेंबर १९८५ ला. त्या यंत्रात वेळ मोजायचं वेगळं साधन खेळाकडे जवळजवळ नसतं. पडद्यावरचं एक चित्र पूर्ण झालं की टीव्हीची आखणी क्षणभर थांबते, त्या विसाव्यात खेळ जॉयस्टिक वाचतो, मारिओला एक पाऊल पुढे सरकवतो, गुरुत्वाकर्षणाचा एक घास त्याला भरवतो आणि पुढच्या चित्राची वाट बघतो. खेळाचं आख्खं जग टीव्हीच्या ठोक्यावर चालतं. ठोका साठचा असेल तर एक पाऊल सुमारे १६.७ मिलिसेकंदांचं, पन्नासचा असेल तर २० मिलिसेकंदांचं. आता हेच यंत्र, किंवा त्याची हुबेहूब नक्कल, चितेगावच्या टीव्हीला लावली की काय होईल ते उघड आहे.

१९९०च्या दशकात ‘समुराई’, ‘मीडिया’ अशा नावांनी फॅमिकॉमच्या घडणीचे खेळ भारतभर विकले गेले. बाजारातला बहुतांश माल बिनपरवान्याच्या नकलेचा होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून तो जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचला. कॅसेटवर ‘९९९९९९ इन वन’ लिहिलेलं असे आणि आत मोजके खेळ पुन्हा पुन्हा फिरवलेले असत. मारिओ आणि कॉन्ट्रा मात्र हमखास. नक्कल असली तरी तिच्यामागे खरी अभियांत्रिकी होती. तैवानच्या यूएमसी कंपनीने पाल देशांतल्या अशा यंत्रांसाठी वेगळ्या चिप्स बनवल्या होत्या. त्यांची युक्ती अशी : जपानी यंत्र एका चित्राला २६२ रेषा मोजतं, पालला ३१२ लागतात. वाढलेल्या पन्नास रेषा या चिपने अशा ठिकाणी घातल्या की खेळाला त्यांचा पत्ताच लागू नये. प्रोसेसरचा वेगही मूळ १.७९ मेगाहर्ट्झच्या अगदी जवळ, १.७७ वर ठेवला. त्यामुळे जपान-अमेरिकेसाठी लिहिलेली कॅसेट एक अक्षर न बदलता पाल टीव्हीवर चालू लागली, चित्र न फाटता, अक्षरं न विस्कटता. निन्टेंडोने युरोपसाठी काढलेल्या ‘एनईएस’ या अधिकृत यंत्रालाही हे साधलं नव्हतं. त्याचा प्रोसेसर १.६६ वर आणलेला होता, म्हणून न बदललेली अमेरिकी कॅसेट तिथे चालवली की संगीताची पट्टी अर्ध्या स्वराहून थोडी अधिक खाली उतरते. नकली यंत्रात पट्टी जवळपास मूळचीच राहिली. उतरली ती फक्त लय.

ती किती उतरली ते मोजता येतं. साठऐवजी पन्नास ठोके म्हणजे सगळं जग सहाव्या हिश्शाने मंद. मारिओच्या पहिल्या पातळीवर वर कोपऱ्यात ४०० चा आकडा असतो आणि चोवीस फ्रेमला तो एकने घटतो. अमेरिकी टीव्हीवर तो शून्यावर यायला १६० सेकंद लागतात, पालवरच्या नकली यंत्रात १९२. एक पातळी संपून दुसरी सुरू होण्याचा क्षणही त्या खेळात एकवीस फ्रेमच्या पटीतच येतो, म्हणजे तिकडे ०.३५ सेकंदांच्या पायऱ्या आणि इकडे ०.४२ च्या. उडीचं बटण दाबून धरल्यावर मारिओवरचं गुरुत्वाकर्षण हलकं होतं आणि बोट उचललं की जड होतं, म्हणून उडीची उंची बोटाच्या धरण्यावर ठरते. तेच धरणं आपल्याकडे पाचऐवजी सहा मात्रांचं झालं. ज्या मुलांनी मारिओ असा शिकला त्यांच्या अंगठ्यात वेगळी लय बसली. त्यांना खड्डा तेवढाच रुंद दिसत होता, पण हवेत थोडा जास्त वेळ मिळत होता. हॅमर फेकणारे कासवभाऊ थोडे कमी निर्दय होते. धून ओळखीची, पण सावकाश. त्यांच्यासाठी हाच मारिओ मूळ होता, कारण दुसरा पाहायला मिळण्याची सोयच नव्हती.

आता पुनःप्रकाशनाकडे वळू. निन्टेंडोने २००६ मध्ये वी यंत्रावर जुने खेळ विकायला काढले तेव्हा युरोपात पन्नासवाल्या आवृत्त्या दिल्या आणि तिथल्या खेळाडूंनी मंदपणाबद्दल नाराजी व्यक्त केली. २०१६ मध्ये तीस खेळांचं छोटं एनईएस क्लासिक आलं, त्यात युरोपलाही साठवाल्या अमेरिकी आवृत्त्या मिळाल्या. सोनीने ३ डिसेंबर २०१८ ला वीस खेळांचं प्लेस्टेशन क्लासिक काढलं आणि तिथे उलटं झालं. अमेरिकेत विकलेल्या यंत्रांतही नऊ खेळ पालच्या आवृत्तीचे निघाले, टेक्केन ३ सुद्धा. साठवर वाढलेल्या लोकांच्या हातात पन्नास आलं आणि यंत्राची किंमत काही आठवड्यांतच खाली आणावी लागली. एकाच दोषाची ही दोन तोंडं. कोणत्या वेगाने खेळ चालवायचा हा निर्णय कुठल्यातरी कार्यालयात फायलींची सोय बघून घेतला गेला, खेळणाऱ्याच्या हाताला विचारून नव्हे. निन्टेंडो ६४ चे खेळ २०२१ मध्ये पुन्हा आले तेव्हा मात्र कंपनीने युरोपसाठी शहाणपणाची वाट धरली. खेळ साठवर मिळतील, आणि काही खेळांची जुनी युरोपीय पन्नासवाली आवृत्तीही निवडता येईल. माझ्या दृष्टीने आजवरचं सर्वांत प्रामाणिक पुनःप्रकाशन हेच. युरोपच्या पन्नासला तिथे जागा मिळाली. भारताच्या पन्नासला मिळणार नाही, कारण आपलं पन्नास बहुतांशी बिनपरवान्याचंच होतं. महाराष्ट्रातला चाळिशीतला माणूस आज अधिकृत मारिओ विकत घेतो तेव्हा त्याला तो अंगावर धावून आल्यासारखा वाटतो, पहिल्याच खड्ड्यात जीव जातो, आणि तो वयाला किंवा नव्या रिमोटला दोष देतो. दोष त्या दोघांचाही नाही. त्याने शिकलेला खेळ त्या विक्रीत नाहीच.

वेग हा एक भाग झाला. बोट आणि पडदा यांच्यामधल्या वाटेवर पुनःप्रकाशनं इतरही ठिकाणी अडखळली आहेत, आणि ती उदाहरणं पाहिली की यामागचं एकच कारण स्पष्ट होतं. मेगा मॅनच्या जुन्या खेळांचा संग्रह २००४ मध्ये गेमक्यूबवर आला. त्यात उडीचं आणि गोळीचं बटण एकमेकांच्या जागी गेलं आणि ते बदलण्याची सोयच ठेवली नव्हती. खेळातली प्रत्येक वीट जागच्या जागी असून खेळ हाताला परका झाला. सुपर मारिओ ऑल-स्टार्स हा १९९३ चा संग्रह निन्टेंडोने स्वतः केला, चित्रं नव्याने रंगवली, आणि तरी पहिल्या मारिओत एक चूक शिरली. मूळ खेळात मारिओने डोक्याने वीट फोडली की तो लगेच खाली परततो. संग्रहात वीट फुटल्यावरही तो वर जातच राहतो. मूळ हिशेबात एक दिशा उलटायची होती, ती नीट उलटली नाही. ज्यांच्या हातात विटेखालची ती आपट पक्की बसली होती त्यांना पहिल्या मिनिटात हे कळलं. सोनिक हेजहॉगचा पहिला खेळ २००६ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सवर आला तो इतका रखडत चालला की वेग हेच ज्याचं नाव त्या खेळाला वेग उरला नाही. त्या छोट्या यंत्राचा प्रोसेसर मूळ सेगा यंत्राच्या दुपटीहून अधिक वेगवान होता, म्हणजे ताकद कमी पडली हे कारणही देता येत नाही.

यांतलं क्रॅश बँडिकूटचं प्रकरण मला सर्वांत बोलकं वाटतं, कारण तिथे हेतू शुद्ध होता आणि मेहनत प्रचंड. १९९६ ते १९९८ मधले तीन खेळ व्हिकॅरियस व्हिजन्सने २०१७ मध्ये नव्याने बांधले. पातळ्यांची जुनी मोजमापं त्यांना मिळाली होती, त्यावर नवं इंजिन चढवलं. खेळाडूंनी सांगितलं की फळीच्या कडेवर उतरलं की क्रॅश घसरून पडतो आणि पहिल्या खेळातले पूल आता जास्त अवघड झालेत. कंपनीने ते मान्य केलं. तिन्ही खेळांना तिसऱ्या खेळाची चाल दिली होती, आणि क्रॅशचा पाया आता गोळीच्या, म्हणजे औषधाच्या कॅप्सूलच्या आकाराचा होता. सपाट तळ कडेवर अर्धा टेकला तरी उभा राहतो, गोल तळ घसरतो. पहिल्या खेळाचे खड्डे पहिल्या खेळाच्या उडीसाठी मोजून काढलेले होते, आणि त्यांच्यावरून आता दुसरीच उडी मारावी लागत होती. जागा जपली गेली, चाल बदलली. डोळ्याला सगळं जुनं दिसत होतं म्हणूनच ही फसगत जास्त लागली.

टीव्हीची काच बदलण्याचा परिणाम वेगळा. काचेच्या नळीच्या टीव्हीत आलेला संकेत जसाच्या तसा लगेच पडद्यावर आखला जाई. चपट्या टीव्हीत चित्र आधी साठवलं जातं, आकार वाढवला जातो, रंग सुधारले जातात आणि मग दाखवलं जातं. त्यात दोन-चार फ्रेमचा उशीर सहज होतो. त्यावर नव्या यंत्रात जुन्या यंत्राचं सोंग वठवणाऱ्या प्रोग्रॅमचा उशीर, बिनतारी रिमोटचा उशीर. सगळे मिळून मारिओच्या पावलाखालचा खड्डा येऊन जातो. बंदुकीच्या खेळाने हे सर्वांत निर्दयपणे दाखवून दिलं. बदकं मारायच्या डक हंट या खेळात घोडा दाबला की पडदा एका फ्रेमपुरता काळा होतो, पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो प्रकाश ठरल्या क्षणी शोधतो. चपट्या टीव्हीवर तो क्षण टळतो, म्हणून बंदूक नेम धरूनही एक बदक पाडत नाही. निन्टेंडोने २०१४ मध्ये डक हंट परत विकायला काढला तेव्हा बंदूक सोडून वी रिमोटने नेम धरायची सोय करावी लागली. चितेगावच्या टीव्हीची नळी हा खेळाचाच एक भाग होता, हे यापेक्षा ठळकपणे सिद्ध करता येणार नाही.

इथे पहिला आक्षेप येतो : जुनी यंत्रं काय निर्दोष होती? नव्हती. आपल्याकडच्या जॉयस्टिकमधली रबरी बटणं आणि त्यांखालचा काळा कार्बन झिजायचा, वायर मुळाशी तुटायची, डावीकडचं बटण दाबल्यावर मारिओ उभाच राहायचा. कॅसेट लागेना की तिच्यात फुंकर मारायची. खरं तर कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने संपर्क जुळायचा, फुंकरीतल्या ओलाव्याने उलट धातूच्या पट्ट्यांचं नुकसान व्हायचं. खुद्द मूळ जपानी चिपमध्येही जॉयस्टिकचा एक दोष होता. ध्वनिमुद्रित आवाज वाजत असताना त्याच क्षणी जॉयस्टिक वाचली तर एखादं बटण चुकीचं वाचलं जाई, न दाबलेलं बटण दाबल्यासारखं होई. सुपर मारिओ ब्रदर्स ३ लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून तो खेळ दोन वाचनं सारखी येईपर्यंत जॉयस्टिक पुन्हा वाचत राहतो. युरोपच्या चिपमध्ये हा दोष काढून टाकला गेला. या सगळ्यातून आक्षेपाला बळ मिळत नाही, उलट उत्तर मिळतं. त्या काळच्या कारागिरांनी हात आणि पडदा यांमधली वाट सांभाळण्यासाठी जिवापाड काळजी घेतली. यंत्राचा दोष त्यांनी खेळाडूच्या माथी मारला नाही. पुनःप्रकाशन करणाऱ्याकडून एवढीच अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुन्या चुकाही जपायच्या का? मारिओत भिंतीतून शिरून ‘उणे एक’ या पाण्यातल्या न संपणाऱ्या पातळीत जाता येतं. ती चूक होती. सुपर मारिओ ६४ मध्ये पाठमोऱ्या लांब उड्यांनी बंद दार ओलांडता येई, तीही चूक. निन्टेंडोने १९९७ च्या जपानी आवृत्तीत ती काढली, आणि २०२० च्या संग्रहात हीच सुधारलेली आवृत्ती घेतल्याने अनेक जाणकार हिरमुसले. मी इथे एक भेद करतो. खेळाच्या जगातली चूक ही त्या जगाची भूगोलकथा होऊन बसते, लोक तिच्यावर वाटा पाडतात, शर्यती लावतात. ती ठेवायची की काढायची यावर दुमत होऊ शकतं आणि खेळणाऱ्याला निवड देणं सर्वांत बरं. हात आणि जग यांच्या मधल्या वाटेतली चूक मात्र कधीच क्षम्य नाही, कारण ती कोणाच्या आठवणीचा भाग नसते. उलटी बटणं, उशिरा लागणारी उडी, गोल झालेला पाय यांना ‘जुन्याचा स्वाद’ म्हणता येत नाही.

या जिल्ह्याला हा वाद नवा नाही. चितेगावच्या पुढे त्याच रस्त्यावर पैठण आहे. तिथे एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण तीनशे वर्षं हाताने नकलून नकलून तिच्यात अपपाठ शिरले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांना एकनाथांच्याही आधीचा पाठ हवासा वाटला आणि त्यांनी जुनी मानलेली एक प्रत छापली. ग्रंथाची थोरवी आणि खेळाची करमणूक यांची बरोबरी इथे करायची नाही. बरोबरी आहे ती कामाच्या पद्धतीची. शुद्ध करणाऱ्याने आपण काय बदललं ते सांगावं, स्वतःची भर घालू नये, आणि जुन्या प्रती जपाव्यात म्हणजे पुढच्याला पडताळता येईल, ही शिस्त मराठी संपादनाला साडेचारशे वर्षं ठाऊक आहे. खेळांच्या कंपन्या बदल काय केले ते क्वचित सांगतात. नक्कल करणाऱ्यांच्या प्रती तर कोणी मोजतच नाही, आणि इथेच तिसरा आक्षेप उभा राहतो : बिनपरवान्याच्या मालाला इतिहासात जागा कशाला? कारण तो वापरला गेला. कायद्याचा प्रश्न वेगळा, लोकांच्या हातात काय होतं हा प्रश्न वेगळा. आणि अधिकृत म्हणावं असं एकच मूळ तरी कुठे आहे? युरोपसाठीच्या मारिओत निन्टेंडोने स्वतः पन्नासच्या ठोक्यासाठी चाल वाढवून दिली होती. युरोपातल्या कॉन्ट्राचं नाव प्रोबोटेक्टर, आणि त्यात माणसांच्या जागी यंत्रमानव लढतात. जपानी कॉन्ट्रात वाऱ्याने हलणारी झाडं आहेत, अमेरिकीत नाहीत. कोनामीने २०१९ मध्ये कॉन्ट्राचा संग्रह काढला तेव्हा जपानी आवृत्त्या त्यात नंतर जोडाव्या लागल्या. पाठभेद सगळीकडे आहेत. आपला पाठभेद म्हणजे मूळ मजकूर, मूळ पट्टी आणि उतरलेली लय. शिवाय जॉयस्टिकवरची दोन जादा टर्बो बटणं, जी दाबून धरली की कॉन्ट्रात गोळ्यांची सर सुटायची. टर्बोशिवायचा कॉन्ट्रा अधिकृत संग्रहात खेळताना तो पूर्वीपेक्षा कठीण वाटतो तो यामुळेच.

हा पाठभेद पुसला जायला फार काळ लागणार नाही. नळीचे टीव्ही बनायचे थांबले, व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. उरलेले संच भंगारात चाललेत, आणि त्यांच्या काचेत शिसं असल्याने ते रीतसर मोडणंही भाग आहे. प्रत्येक डबा जपा असं कोणी म्हणणार नाही. पण मोजमापं जपता येतात. प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ मजकूर असलेल्या फ्लॉपी लेखक जॉर्डन मेकनरच्या वडिलांना २०१२ मध्ये घरातल्या एका खोक्यात सापडल्या आणि जाणकारांनी त्या वाचून सर्वांसाठी खुल्या केल्या. आपल्याकडे असा मजकूर कधी नव्हताच, आपल्याकडे होती ती जोडणी. कोणती पाटी, कोणती चिप, किती ठोक्यांची, जॉयस्टिक वाचल्यापासून काचेवर हालचाल दिसेपर्यंत किती मिलिसेकंद, हे चालू स्थितीतल्या संचावर एका कॅमेऱ्याने आणि एका ऑसिलोस्कोपने मोजता येतं. ती माहिती असली की कोणताही पुनःप्रकाशक ‘भारत, पन्नास’ अशी निवड एका दिवसात देऊ शकेल.

शेंद्र्याला आज ऑरिक म्हणून नवी औद्योगिक नगरी उभी आहे. तिच्या ऑरिक हॉलचं उद्घाटन ७ सप्टेंबर २०१९ ला झालं. मिलिमीटरच्या शतांशाने माप घेणारी माणसं तिथल्या कारखान्यांत रोज कामाला जातात. शहरात १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. चितेगावचा एक चालू टीव्ही, एक समुराई किंवा मीडिया आणि दोन धड जॉयस्टिक एवढं ऑरिक हॉलमध्ये ठेवायला एक टेबल पुरेल, आणि मोजणीचं काम शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एका सत्रात जमण्यासारखं आहे. ज्यांच्या माळ्यावर असा संच अजून आहे त्यांनी तो भंगारवाल्याला देण्याआधी मागचं झाकण न उघडता मागच्या चिठ्ठीवरचा मॉडेल क्रमांक आणि वर्ष लिहून घ्यावं, कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, आणि तो चालत असेल तर महाविद्यालयाला कळवावं.